मालाविषयीचा दुसरा प्रश्न



सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, जो आपल्या इच्छेनुसार कुणाला भरभरून रोजी देतो, तर कुणाला मोजून देतो. दरूद व सलाम त्याच्या अंतिम पैगंबरांवर (स.), ज्यांनी टंचाईत कसे जगावे हे स्वतः जगून दाखवले.

इमाम तिर्मिजी (रह.) यांच्या हदीससंग्रहात पैगंबरांचे (स.) एक कथन आले आहे. त्याचा आशय असा की, कयामतच्या दिवशी काही प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज माणसाला जागचे हलता येणार नाही. आयुष्य कशात घालवले, मिळालेल्या ज्ञानाचे काय केले, शरीर कशासाठी झिजवले, असे ते प्रश्न आहेत. या प्रत्येक देणगीविषयी एकेकच प्रश्न आहे. मालाविषयी मात्र दोन आहेत : तो कुठून मिळवला, आणि कशात खर्च केला?

पहिल्या प्रश्नाची जाणीव आपल्या समाजात, अलहम्दुलिल्लाह, बऱ्यापैकी जागी आहे. रोजी हलाल असावी, तोलमापात कसर नसावी, लाच नसावी, हे आपण मुलांनाही सांगतो. परंतु पगार हाती आला की, ‘कष्टाचा पैसा आहे, हलालचा आहे,’ एवढ्यावरच आपण निश्चिंत होतो. दुसरा प्रश्न मागे राहतो. ज्याचा पगार मोजका आहे त्याला तर वाटते की, हा प्रश्न धनवानांसाठी असावा. आमच्याकडे उरतेच काय की त्याचा हिशोब द्यावा?

वाचकहो, या लेखात मला एवढेच निवेदन करायचे आहे की, पगार जितका मोजका, तितका हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा. उधळपट्टी श्रीमंतालाही वर्ज्यच आहे. पण त्याच्या घरी शंभर रुपये वाया गेले तर कुणी उपाशी राहत नाही. मोजक्या पगाराच्या घरात वाया गेलेला प्रत्येक रुपया कुणाच्या तरी हक्कातून गेलेला असतो.

पगार हा हक्कांचा गठ्ठा

हजरत अबू बकर (रजि.) हिजरी ११ मध्ये खलीफा झाले. त्यांचा व्यवसाय कापडाचा. खिलाफतीची जबाबदारी आल्यावरही ते खांद्यावर कापड टाकून बाजाराकडे निघाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) आदी सहाबांनी त्यांना थांबवले आणि बैतुलमालमधून त्यांच्या कुटुंबाच्या गरजेपुरते वेतन ठरवून दिले, असे इतिहासग्रंथांत नमूद आहे. सहीह बुखारीत त्यांचे स्वतःचे बोलणे आले आहे, त्याचा आशय असा : माझा व्यवसाय माझ्या घरच्यांना पुरेसा होता, हे माझ्या लोकांना ठाऊक आहे, आता मी मुसलमानांच्या कामात गुंतलो आहे, म्हणून अबू बकरचे घर यातून खाईल आणि मी त्यांचे काम करीन.

इस्लामी राज्याच्या पहिल्या खलीफाचे हे वेतन होते, आणि ते माणसाच्या मोठेपणावर नव्हे, तर घरच्यांच्या गरजेवर ठरले. पगार याचा मूळ अर्थच तो. पगार खात्यात जमा झाल्याबरोबर तो ‘माझा’ वाटू लागतो. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग आधीच वाटला गेलेला असतो.

हजरत सलमान फारसी (रजि.) आपले मानलेले भाऊ हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले. अबू दरदा (रजि.) दिवसा रोजा आणि रात्रभर नमाज यांत इतके मग्न असत की, त्यांच्या पत्नीला स्वतःच्या कपड्यालत्त्याकडे पाहण्याचेही भान उरले नव्हते. सलमान (रजि.) यांनी त्यांना समजावले की, तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या शरीराचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. पैगंबरांनी (स.) हे ऐकून सलमान खरे बोलला, अशी ग्वाही दिली. विचार करा, जेथे नफल इबादतीलाही घरच्यांच्या हक्कावर अतिक्रमण करण्याची मुभा नाही, तेथे हौसेला ती कशी मिळेल?

एका घराचा हिशोब

उदाहरणासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्या आहेत. पती-पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि वृद्ध आई असे कुटुंब. महिन्याचा पगार २२,००० रुपये. त्यातून घरभाडे ४,५०० रुपये. किराणा, दूध, भाजी व गॅस ८,५०० रुपये. वीज, पाणी व मोबाइल १,२०० रुपये. मुलांची फी, वह्या व रिक्षा २,२०० रुपये. आईची औषधे १,५०० रुपये. कामावर जाण्या-येण्याचा खर्च १,३०० रुपये. ही बेरीज १९,२०० रुपये झाली. उरले २,८०० रुपये. त्यातील १,००० रुपये ईद, कपडे व लग्नकार्यातील आहेर यांसाठी बाजूला काढले, ३०० रुपये सदका व गरजू नातेवाइकांसाठी ठेवले, तर आजारपण आणि अडीअडचणीसाठी १,५०० रुपये शिल्लक पडतात. पगार संपला.

आपले आकडे वेगळे असतील. शहरात भाडे अधिक, खेड्यात कमी. पण या मांडणीत एक गोष्ट पाहावी : एकही रक्कम बेवारस नाही. प्रत्येकीवर घरातल्या कुणाचे तरी नाव आहे.

आता या घरात नव्या मोबाइलचा महिना १,८०० रुपयांचा हप्ता आला. पगार वाढलेला नाही, मग हा हप्ता कुठून जाईल? भाडे चुकवता येत नाही. वीज तोडली जाईल. शेवटी अडीअडचणीचे १,५०० रुपये जातात, आणि उरलेले ३०० रुपये एक तर सदक्यातून किंवा आईच्या औषधातून. ‘अम्मी, या महिन्यात एक पाकीट कमी आणतो,’ असे आपण म्हणतो आणि अम्मी काहीच बोलत नाही, कारण ती आई आहे. दुकानदाराने मोबाइलची किंमत सांगितली; तो हप्ता कुणाच्या हक्कातून जाणार, हे त्याने सांगितले नाही. ते आपल्यालाच विचारायचे होते.

गुटखा, तंबाखू, सिगारेट यांचाही हिशोब असाच. रोजचे ४० रुपये म्हणजे महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,००० रुपयांहून अधिक. मुलांच्या फीच्या वेळी ज्या रकमेसाठी आपण हात पसरतो, ती अनेकदा पानटपरीवर सुटी-सुटी देऊन झालेली असते. शिवाय हा खर्च शरीराचे नुकसान करण्यासाठीच केलेला. शरीराविषयीचा प्रश्न आणि मालाविषयीचा प्रश्न, दोन्ही एकाच पुडीत बांधलेले आहेत.

पवित्र कुरआनात सूरह बनी इस्राईलमध्ये नातेवाईक, गरजू आणि प्रवासी यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि तिला जोडूनच उधळपट्टीची मनाई आहे. उधळे लोक सैतानाचे भाऊबंद ठरवले गेले आहेत. या दोन आज्ञा शेजारी का आल्या, हे मोजक्या पगाराच्या माणसाला सहज कळावे. एकीकडे उधळले की दुसरीकडे हक्क बुडतो.

बचत तवक्कुलच्या विरुद्ध आहे काय?

काही बांधव म्हणतात, ‘उद्याची चिंता कशाला? रज्जाक अल्लाह आहे.’ हा विश्वास ईमानाचा भाग आहे, त्यात शंका नाही. पण हजरत उमर (रजि.) सांगतात की, पैगंबर (स.) बनू नजीरच्या बागांच्या उत्पन्नातून आपल्या घरच्यांसाठी वर्षाच्या धान्याची तरतूद करून ठेवत. पैगंबरांहून (स.) मोठा तवक्कुल कुणाचा असणार? त्यांच्याच घराविषयी हजरत आएशा (रजि.) सांगतात की, दोन दोन महिने चूल पेटत नसे आणि खजूर व पाणी यांवर गुजराण होई. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उलेमांनी त्यांचा मेळ असा घातला आहे की, तरतूद केली जाई, पण गरजू दारी आला की ती त्याच्यासाठी खर्च होई. म्हणजे साठवणे कर्तव्य म्हणून होते. साठ्याला चिकटून राहणे मात्र नव्हते.

हज्जतुल विदाच्या वेळी हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत गंभीर आजारी पडले. आपल्या संपत्तीचा दोन तृतीयांश भाग सदका करण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. पैगंबरांनी (स.) नकार दिला. निम्म्यालाही नकार दिला. एक तृतीयांशाला संमती दिली आणि तेही पुष्कळ आहे असे म्हटले. मागे राहणाऱ्यांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना पुरेसे ठेवून जाणे बरे, असे समजावले. सदक्यासारख्या पुण्यकर्मालाही जेथे मर्यादा घालून दिली, तेथे घरासाठी दरमहा हजार-पाचशे बाजूला ठेवणे हे दुनियादारीचे लक्षण कसे म्हणावे? त्या रकमेमुळे एखाद्या रात्री मुलाला दवाखान्यात नेताना आपल्याला कुणाचे दार ठोठवावे लागत नाही, हीही अल्लाहचीच देणगी आहे.

काटकसरीच्या नावाखाली कंजुषी

दुसऱ्या बाजूचाही विचार करू. काही घरांत हिशोब फार कडक असतो, पण तो एकट्या कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. पत्नीला दहा रुपयेही मागून घ्यावे लागतात आणि त्यांचे कारणही सांगावे लागते. मित्रांबरोबर हॉटेलात मात्र हात सैल असतो. हजरत हिंद (रजि.) यांनी पैगंबरांकडे (स.) तक्रार केली की, पती अबू सुफियान हात आखडून खर्च करतात, मला व मुलांना पुरेसे देत नाहीत. पैगंबरांनी (स.) त्यांना, तुम्हाला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके त्यांच्या मालातून घेण्याची परवानगी दिली. घरखर्च हा पतीचा उपकार नसून पत्नीचा हक्क आहे, हे यावरून स्पष्ट होते.

सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे एक लक्षण असे आले आहे की, ते खर्च करताना अतिरेक करत नाहीत आणि कंजुषीही करत नाहीत. दोहोंच्या मध्ये समतोल राखतात. हा समतोल एकट्याच्या डोक्यात साधत नाही. तान्ह्या मुलाचे दूध सोडवण्यासारख्या घरगुती गोष्टीतही आई-वडिलांनी परस्परसंमतीने व सल्लामसलतीने निर्णय घ्यावा, असे मार्गदर्शन सूरह बकरामध्ये आहे. मग महिन्याच्या खर्चाचा निर्णय सल्लामसलतीविना का व्हावा? पगार किती हे पत्नीला माहीत असू द्या. तेलाचा डबा किती दिवस पुरतो, हे तिला ठाऊक असते, आपल्याला नसते.

आज आपल्या अनेक भगिनी शिवणकाम करतात, शिकवण्या घेतात, नोकरी करतात. त्यांची कमाई त्यांच्या मालकीची आहे. पती तिच्यावर हक्क सांगू शकत नाही. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी हजरत जैनब (रजि.) यांनी, गरजू पतीवर व पदरच्या अनाथांवर खर्च केला तर सदका होईल काय, असे विचारले होते. त्यांना दुहेरी पुण्याची शुभवार्ता मिळाली : एक नाते राखण्याचे आणि दुसरे सदक्याचे. म्हणून पत्नीने घराला हातभार लावला तर तो तिचा सदका आहे. तो सदका म्हणूनच स्वीकारावा आणि त्याची कदर करावी.

ऋण काढून सण

आपल्या मराठी भाषेत ‘ऋण काढून सण करणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. मोजक्या पगाराची घरे बहुधा रोजच्या जेवणामुळे बुडत नाहीत. ती लग्नामुळे, आहेरामुळे आणि ‘लोक काय म्हणतील’ यामुळे बुडतात. एखाद्याने लग्नासाठी खासगी सावकाराकडून महिना शेकडा पाच दराने ५०,००० रुपये घेतले, तर दरमहा २,५०० रुपये केवळ व्याज. वर्षात ३०,००० रुपये गेले आणि मुद्दल जसेच्या तसे डोक्यावर. वर उल्लेखिलेल्या घरात २,५०० रुपयांना जागा कुठे आहे, ते आपणच शोधून पाहावे. शिवाय हे व्याज आहे. व्याज घेणारा, देणारा, ते लिहिणारा व त्याचे साक्षीदार या सर्वांवर पैगंबरांनी (स.) लानत केली आहे. म्हणजे ज्या निकाहवर बरकतीची दुआ मागायची, त्याचा पायाच अल्लाहच्या नाराजीवर रचला गेला.

हजरत सफिय्या (रजि.) यांच्याशी झालेल्या विवाहाच्या वलीम्यात खुद्द पैगंबरांनी (स.) खजूर, पनीर व तूप वाढले, त्यात रोटी नव्हती, मांस नव्हते. हा वलीमा आपल्यापुढे असताना तीनशे पानांच्या बिर्याणीसाठी कर्ज काढणाऱ्याला कोणत्या सुन्नतीचा आधार मिळेल? आणि अशा साध्या वलीम्याला नावे ठेवणारे आपणही त्या कर्जात वाटेकरी नाही का?

खरी निकड असेल तर कर्जे हसना घ्यावे आणि ते लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनातील सर्वांत दीर्घ आयतीत आली आहे. भावाभावांत लिहिणे म्हणजे अविश्वास, ही समजूत चुकीची आहे. ओळखीच्या माणसांची साधी भिशी हाही एक मार्ग आहे. सर्वांनी सारखी रक्कम भरावी आणि पाळीपाळीने प्रत्येकाला पूर्ण रक्कम मिळावी, इतपत ती ठीक आहे. परंतु लिलावाची भिशी, जिच्यात गरजवंत कमी रक्कम उचलतो आणि उरलेली इतरांत वाटली जाते, ती व्याजाचीच वाट आहे. तिच्यापासून दूर राहावे.

पगारच पुरत नसेल तर?

येथवर वाचून एखादा बांधव म्हणेल, ‘मौलाना, हिशोब लिहिल्याने पगार वाढत नाही. माझ्याकडे वाया घालवायलाच काही नाही.’ त्याचे म्हणणे खरे आहे. मस्जिदीच्या वेतनावर घर चालवणाऱ्या माझ्यासारख्याला ते समजावून सांगण्याची गरज नाही. अशा बांधवासाठी सूरह तलाकमध्ये दिलासा आहे : ज्याला मोजून रोजी मिळाली आहे त्याने त्यातूनच खर्च करावा, अल्लाहने जितके दिले त्याहून अधिक भार तो कुणावर टाकत नाही आणि तंगीनंतर तो सुलभता आणतो. ज्याने असलेल्यातून हक्क दिले, त्याला नसलेल्याचा जाब विचारला जाणार नाही. मुलांना स्वस्त कपडे घ्यावे लागले म्हणून त्याने मान खाली घालू नये.

पण तेथून पुढे जबाबदारी इतरांकडे जाते, हेही विसरू नये. पैगंबरांपुढे (स.) एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काहीच नव्हते. पैगंबरांनी (स.) सहाबांना सांगितले की, तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच अदा करा. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच पैगंबरांनी (स.) जनाजाची नमाज पढवली. पुढे अल्लाहने विजय दिले तेव्हा, जो मोमिन कर्ज मागे ठेवून मरेल त्याचे कर्ज फेडणे माझ्यावर आहे, असे त्यांनी जाहीर केले. कर्जाची भीती व्यक्तीला दाखवली आणि त्याचे ओझे उचलण्याची रीत समाजाला शिकवली.

म्हणून ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी स्वतःला विचारावे की, आपण देतो त्या पगारात एक घर चालते का? घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आपल्या दुकानात, कारखान्यात, आणि मस्जिद-मदरशाच्या कमिटीतही पाळली जाते का? गावोगावच्या जमातींनी सजावटीच्या आधी एक छोटा कर्जे हसना निधी उभा केला, तर कितीतरी घरे सावकाराच्या उंबऱ्यापर्यंत जाणार नाहीत.

या महिन्यापासून

शेवटी एक सोपे काम सुचवतो. येत्या पगाराच्या दिवशी मगरिबनंतर पती-पत्नीने एक साधी वही घेऊन बसावे. बिस्मिल्लाह लिहावे. त्याखाली पगाराचा आकडा लिहावा आणि मग रकमेआधी हक्कदाराचे नाव लिहावे : अम्मी, मुले, घरमालक, किराणावाला, जुने कर्ज, गरजू नातेवाईक, अडचणीचा दिवस. सदक्याची रक्कम पन्नास रुपये असली तरी ती आरंभीच काढावी. महिन्याच्या अखेरीस सदक्यासाठी काही उरत नसते. त्यानंतर महिनाभर जे खर्च होईल ते त्याच वहीत टिपावे आणि महिनाअखेरीस कुणाचा हक्क अपुरा राहिला, ते पाहावे. मुलांनाही जवळ बसू द्यावे. आपल्या वडिलांची कमाई कुणाकुणासाठी आहे, हे त्यांना त्या वहीतून कळेल.

हे केवळ घरगुती शहाणपण आहे, असे समजू नका. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार अल्लाहच्या मार्गात, गुलाम मुक्त करण्यासाठी, गरिबासाठी आणि घरच्यांसाठी खर्च केलेल्या दीनारांपैकी सर्वाधिक पुण्य घरच्यांवर खर्च केलेल्या दीनाराचे आहे. तेव्हा नियत शुद्ध असेल तर तुमच्या वहीतील किराण्याची ओळसुद्धा पुण्याच्या खात्यात जमा होते. जो येथे रोजच्या रोज हिशोब मांडतो, त्याला तेथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे, इन्शाअल्लाह, सोपे जाईल.

हे अल्लाह, आम्हांला हलाल रोजी दे आणि तीत बरकत दे. आमचे हात उधळपट्टीपासून व कंजुषीपासून राख. ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांचे कर्ज फिटेल अशी वाट काढ. आमच्या मालात ज्यांचा ज्यांचा हक्क आहे, तो त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची आम्हांला तौफीक दे. आमीन, या रब्बल आलमीन.